येश्चो

पहाटेचे पावणेचार, माझगाव.
अर्खांगेल्स्कात सव्वा एक,
पण मे महिनाअखेर तिथे काळोख पडतच नाही म्हणतात,
म्हणजे ती खिडकीशी उभी असणार, उजेडात.

मुलगा ग्लेब, वय सव्वीस.
अकरा मीटर खाली, जहाजाच्या पोटात पडला.
मला एजंटाने उठवलं, टॅक्सी पाठवली,
साडीच्या पिना वाटेत लावल्या.

डॉक्टर मिस्किटा म्हणाले, सांगा त्यांना,
ही इज स्टिल...
आणि तेवढ्यात मशीन वाजलं.
ते वळले. वाक्य माझ्या हातात राहिलं,
शेपटी नसलेलं.

तीस वर्षं मी गोदीत झडपांचं भाषांतर केलं.
झडप उघडी आहे. झडप बंद आहे.
दाब वाढल्यास झडप आपोआप उघडेल.
झडपेला अजून नसतं.

कलिन्याला बारटक्के बाई शिकवायच्या,
टेबलावर शेंगदाण्यांची पुडी, डोळे मिटलेले:
मुलींनो, येश्चो म्हणजे अजून.
बाळ अजून झोपलंय, येश्चो.
अजून एक चहा, तेही येश्चो.
इंग्रजाला इथे दोन शब्द लागतात,
आपलं आणि रशियनांचं एकात भागतं.
मग पुडी पुढे करायच्या. येश्चो?
आम्ही हसायचो, घ्यायचो.

पण स्टिल म्हणजे नुसतं अजून नाही ना.
एवढ्या उंचीवरून पडूनही, तरीसुद्धा, असं म्हणायचं असेल
तर फ्स्यो-ताकी.
आणि पुढे काहीच नसेल,
वाक्य तिथेच पुरं झालं असेल,
तर स्टिल म्हणजे हलत नाही तो.
तळ्याच्या पाण्यासारखा.
चौथ्या खाटेवर चादरीबाहेर आलेलं
ते पाऊल, नखात ग्रीस.
मी त्याच्याकडे बघत राहिले.
ते हललं, की पंख्याने चादर हलली?

आल्लो, ती म्हणाली. आल्लो.

ऑन येश्चो झिव.
तो अजून जिवंत आहे.
व्याकरणात चूक नाही.
पण आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत कुणी विचारतं,
नानामामा अजून आहेत का हो?
तेव्हा त्या एका शब्दात
नानामामा निम्मे गेलेले असतात.
शब्द तोच, इथे काय नि तिथे काय.

म्हणून मी तो खाल्ला.
ऑन झिव, म्हणाले.
झिव, आपल्या जीवाचाच लांबचा भाऊ,
एकटाच बरा दिसला.
बारटक्के बाईंनी अर्धा मार्क कापला असता.

पलीकडे बराच वेळ काही नाही.
कशावर तरी कप टेकवल्याचा आवाज.
मग तिचा तिनेच तो शब्द शोधून काढला,
मी लपवलेला:

येश्चो?

म्हणजे, अजून आहे ना?
म्हणजे, आणखी काय, पुढे सांगा?
म्हणजे, किती वेळ अजून?
तिला सगळंच विचारायचं होतं, एका दमात,
आणि तिच्या भाषेत ते मावत होतं.

काय विचारतायत त्या, डॉक्टर इंग्रजीत म्हणाले,
मशीनवरची नजर न काढता.
मी तोंड उघडलं. स्टिल? मोअर?
कुठलाही धरला तरी दुसरा सांडत होता.
शेवटी तोंडातून आलं ते आईच्या भाषेतलं:
अजून?

सिस्टर रेमेडिया सलाइनची बाटली बदलत होती.
तिला वाटलं, मी तिलाच विचारलं.
हो, म्हणाली ती, नळीवर टिचकी मारत,
अजून एक लावायचीय. सातपर्यंत चालेल.

मी रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.
येश्चो अद्ना, म्हणाले. अजून एक बाटली.
सातपर्यंत चालेल.
त्या रात्री शब्दशः पोचवलं
ते एवढंच.